फ्रेडी युंगबेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी नेरूळच्या एका मैदानावर मी दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. सराव रंगात आला की दर दहा मिनिटांनी माझ्या तोंडून एकच वाक्य निघतं, "बॉलकडे बघत उभा राहू नकोस, फ्रेडीसारखा धाव." मग कुणीतरी विचारतंच, "सर, फ्रेडी कोण?" मुलांना सोडायला आलेले पालकही विचारतात, कारण त्यांना बेकहॅम, ऑन्री, रोनाल्डो ठाऊक असतात, पण लंडनच्या आर्सेनल क्लबाकडून खेळलेला हा स्वीडिश फुटबॉलपटू नसतो. इतकी वर्षं तीच उत्तरं तोंडी देत आलो, आता सगळी एकत्र लिहून ठेवतोय.

नावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

पूर्ण नाव कार्ल फ्रेडरिक युंगबेरी. स्वीडिश स्पेलिंगमध्ये आडनावाची सुरुवात 'एल' आणि 'जे' या जोडीने होते, पण त्यातला 'एल' उच्चारत नाहीत. शेवटचा 'जी'ही 'य'कडे झुकतो. त्यामुळे युंगबेरी, आणि शेवटची 'री' अगदी आखूड, जवळजवळ गिळलेली. 'युंग' म्हणजे माळरानावर वाढणारं जांभळ्या फुलांचं खुरटं झुडूप आणि 'बेरी' म्हणजे डोंगर. इंग्लिश कॉमेंटेटर 'ल्युंगबर्ग' म्हणायचे आणि आपल्याकडेही तेच रुळलं, तेव्हा तसं म्हटलंत तरी काही बिघडत नाही. आर्सेनलच्या प्रेक्षकांनी तर आडनावाची भानगडच ठेवली नाही. त्यांच्यासाठी तो फ्रेडी होता, माझ्यासाठीही आहे.

तो मिडफिल्डर होता की विंगर?

कागदावर उजव्या बाजूचा मिडफिल्डर. आठ नंबरचा शर्ट. पण टीमशीटवर त्याचं नाव जिथे लिहिलेलं असायचं तिथे तो पाच मिनिटंही सापडायचा नाही.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण त्याची सगळी कारकीर्द या एका गोष्टीत आहे. त्या काळचा विंगर म्हटला की बॉल पायात घ्यायचा, समोरच्या बॅकला चकवायचं, कडेकडेने पळत जायचं आणि क्रॉस टाकायचा. फ्रेडी यातलं फारसं काही करत नसे. तो कडेला उभा राहून आत बघायचा. सेंटर बॅक (मधला बचावपटू) आणि फुल बॅक (कडेचा बचावपटू) यांच्यामध्ये फट कधी पडते यावर त्याचं लक्ष असायचं. मधल्या फळीत कुणी मान वर केली रे केली की हा बचावफळीच्या पाठीमागे निघालेला असायचा. बॉल मागून यायचा, आणि पुष्कळदा यायचाच नाही. मग उलट पावली परत जागेवर, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तीच धाव. एका मॅचमध्ये अशा वीसेक धावा त्याने फुकट घालवल्या असतील, पण एकविसाव्या धावेला गोल व्हायचा.

उंची पावणेसहा फुटांच्या आसपास, अंगाने काटक. बॉल पायात घेऊन नजर खिळवून ठेवणारे खेळाडू त्याच्याच संघात दोन-तीन होते. बॉल नसताना तो जे करायचा ते मात्र त्यांच्यापैकी कुणाला जमत नव्हतं. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे फिरतो, त्यामुळे निम्मा फ्रेडी आपल्याला दिसलाच नाही.

त्याची सुरुवात कुठे झाली?

जन्म १६ एप्रिल १९७७, दक्षिण स्वीडनमधल्या वित्शो या छोट्या गावात. तो पाच वर्षांचा असताना घरचे पश्चिम किनाऱ्यावरच्या हाल्मस्टाड या शहरात राहायला गेले आणि तिथल्या हाल्मस्टाड्स बीके या क्लबात त्याचं नाव घातलं. आइस हॉकी आणि हँडबॉल हे खेळही तो चांगले खेळायचा. आपल्याकडे मूल एका खेळात बरं दिसलं की आठव्या वर्षीच बाकीचे खेळ बंद होतात, म्हणून हे पालकांना मी मुद्दाम सांगतो.

सतराव्या वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये, तो क्लबच्या मुख्य संघातून पहिली मॅच खेळला. १९९५ मध्ये हाल्मस्टाडने स्वीडिश कप जिंकला आणि १९९७ मध्ये थेट लीगचं विजेतेपद. स्टॉकहोम, गोथेनबर्ग आणि माल्मोच्या मोठ्या क्लबांना मागे टाकून एवढ्याशा शहराच्या क्लबाने लीग जिंकावी ही साधी गोष्ट नव्हे.

आर्सेनलने त्याला कसं हेरलं?

टीव्हीवर. ५ सप्टेंबर १९९८ रोजी स्टॉकहोममध्ये स्वीडनने इंग्लंडला २-१ असं हरवलं. युरो २०००च्या पात्रता फेरीची ती मॅच. आर्सेनलचे मॅनेजर आर्सेन व्हेंगर यांची नजर या पोरावर आधीपासून होतीच, त्या संध्याकाळी इंग्लंडच्या बचावफळीची त्याने केलेली दमछाक पाहून त्यांनी निर्णय घेतला. स्टेडियममध्ये बसून एकदाही खेळताना न बघता त्यांनी घेतलेला हा पहिला खेळाडू असं सांगितलं जातं. आठवड्याभरात करार झाला, रक्कम सुमारे ३० लाख पौंड.

पहिली मॅच २० सप्टेंबर १९९८, आर्सेनलच्या तेव्हाच्या घरच्या मैदानावर, म्हणजे हायबरीवर, समोर मँचेस्टर युनायटेड. हा बदली खेळाडू म्हणून शेवटी शेवटी आत आला आणि त्यांचा गोलकीपर पीटर श्मायकेलच्या डोक्यावरून बॉल उचलून गोल केला. आर्सेनल ३-० ने जिंकलं. बाकीच्या दोन गोलांपैकी एक टोनी अॅडम्सचा होता आणि दुसरा निकोला अनेल्का नावाच्या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच पोराचा. अनेल्काचं नाव लक्षात ठेवा, मुंबईच्या प्रश्नात ते परत येणार आहे.

२००१-०२ या सीझनचं एवढं कौतुक का होतं?

ते समजायला एक वर्ष मागे जावं लागेल. मे २००१, एफए कपची फायनल, कार्डिफ. वेम्बली पाडून नव्याने बांधायचं ठरल्यामुळे फायनल पहिल्यांदाच तिथे होत होती. समोर लिव्हरपूल. ७२व्या मिनिटाला संघातल्याच पिरेसच्या पासवर फ्रेडीने गोलकीपरला वळसा घालून गोल केला. आर्सेनलचाच खेळ वरचढ होता, कप हातात आल्यासारखा वाटत होता. मग शेवटच्या सात-आठ मिनिटांत मायकेल ओवेनने दोन गोल मारले आणि सगळं संपलं. मी तेव्हा अकरावीत होतो. त्या रात्री मी जेवलो नव्हतो.

पुढच्या सीझनमध्ये फ्रेडीने लीगमध्ये १२ गोल केले. मिडफिल्डरला १२ गोल म्हणजे पुष्कळच, पण ते कधी केले हे जास्त महत्त्वाचं आहे. मार्च २००२ मध्ये संघाचा सर्वांत फॉर्मात असलेला खेळाडू, रॉबेर पिरेस, गुडघ्याच्या दुखापतीने सीझनभरासाठी बाहेर गेला. आता लीग गेली, असंच सगळ्यांना वाटलं. मग एप्रिल उजाडला आणि फ्रेडीने चार्लटनविरुद्ध गोल केला, टॉटनहॅमविरुद्ध केला, इप्सविचविरुद्ध दोन केले, वेस्ट हॅमविरुद्ध केला, बोल्टनविरुद्ध केला. सलग पाच लीग सामने, सहा गोल. टॉटनहॅमची मॅच २-१ सुटली. इप्सविचच्या मॅचमधले दोन्ही गोल त्याचेच. आर्सेनलने त्या सीझनचे शेवटचे १३ लीग सामने ओळीने जिंकले.

४ मे रोजी पुन्हा कार्डिफ, पुन्हा एफए कपची फायनल, समोर चेल्सी. रे पार्लरने पहिला गोल केला. त्यानंतर दहा मिनिटांनी मैदानाच्या मध्याजवळ बॉल फ्रेडीच्या पायात आला. नेहमी बॉलविना पळणारा हा माणूस या वेळी बॉल घेऊन निघाला. चेल्सीचा बचावपटू जॉन टेरी अंगावर आला, खांद्याला खांदा भिडला, हाताने ओढाओढ झाली, आणि टेरी खाली पडला. फ्रेडी लडखडला पण उभा राहिला. पेनल्टी बॉक्सच्या कडेवरून उजव्या पायाने त्याने बॉल असा वळवून मारला की गोलकीपर कार्लो कुदिचिनी झेपावूनही बॉल लांबच्या कोपऱ्यात वरच्या बाजूने आत गेला. २-० आणि कप आर्सेनलचा. सलग दोन एफए कप फायनलमध्ये गोल करणारा तो चाळीस वर्षांतला पहिला खेळाडू ठरला. त्याआधी १९६१ आणि १९६२ मध्ये टॉटनहॅमच्या बॉबी स्मिथने हे केलं होतं.

आणि चारच दिवसांनी, ८ मे रोजी, ओल्ड ट्रॅफर्ड. मँचेस्टर युनायटेडच्या घरात जाऊन लीग जिंकायची होती. एकुलता एक गोल आर्सेनलच्या सिल्व्हँ व्हिल्तोरच्या नावावर आहे, पण रेकॉर्डिंग नीट बघा. उजवीकडून आत घुसून गोलवर मारतो तो फ्रेडी. गोलकीपर बार्तेझ अडवतो, बॉल सुटतो आणि व्हिल्तोर तो आत ढकलतो. लीग आणि कप, दोन्ही एका आठवड्यात पदरात पडले.

मग त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू कोण, पिरेस की फ्रेडी?

हा वाद माझ्या मित्रांमध्ये अजून चालतो. इंग्लंडमध्ये असे मोठे पुरस्कार तीन. त्या वर्षी फुटबॉल पत्रकारांनी पिरेसला निवडलं, व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने मँचेस्टर युनायटेडच्या रूड व्हान निस्टेलरॉयला, आणि खुद्द प्रीमियर लीगचा पुरस्कार फ्रेडीला मिळाला. खेळाडूंचं मतदान सीझन संपायच्या पुष्कळ आधी होतं, त्यामुळे एप्रिलमधली त्याची कामगिरी त्यात मोजली गेली नसणार. डिसेंबर ते मार्च पिरेस अप्रतिम होता, यात वाद नाही. पण संघाची नौका भर वादळात असताना वल्हं कुणी मारलं, असं विचारलंत तर माझं उत्तर एकच.

आर्सेनलचा फॉरवर्ड बर्गकँप याच्याबरोबरच्या त्याच्या जोडीत असं काय होतं?

४ डिसेंबर २००१, चॅम्पियन्स लीग, हायबरीवर इटलीचा युव्हेंटस. आपल्याकडे रात्रीचे सव्वा वाजलेले. आमच्या दीड खोलीत आई, आजी आणि धाकटी बहीण झोपलेल्या. काका आणि मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून, पडद्यापासून दोन फुटांवर जमिनीला बसलेलो. पहिला गोल फ्रेडीचा, त्यांचा गोलकीपर बुफाँच्या हातून सुटलेल्या बॉलवर. दुसरा ऑन्रीचा, फ्री किकवर. मग युव्हेंटसचा एक गोल झाला आणि शेवटची काही मिनिटं जीव मुठीत धरून बसलो होतो.

८८व्या मिनिटाला बॉक्सच्या तोंडाशी बॉल डेनिस बर्गकँपकडे आला. त्याला दोघांनी घेरलं. त्याने पाठ केली, बॉल तळव्याखाली ओढला, वळला, पुन्हा उलटा वळला. काका पुटपुटले, "अरे मार की आता." मलाही कळेना की हा थांबलाय कशासाठी. मग त्याने बुटाच्या बाहेरच्या कडेने बॉल अलगद बचावफळीच्या मागे सोडला आणि तिथे फ्रेडी होता. बुफाँला चकवून गोल. काकांनी ओरडू नये म्हणून माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि स्वतःच ओरडले. आजी उठून बसली.

नंतर कितीतरी वेळा ती क्लिप पाहिली तेव्हा उलगडलं. बर्गकँप फ्रेडीसाठी थांबला होता. फ्रेडी धाव सुरू करेपर्यंत त्याने दोन माणसांच्या गराड्यात बॉल जपून ठेवला, कारण हा धावणारच याची त्याला खात्री होती. लोक या गोलाला बर्गकँपचा पास म्हणून ओळखतात. पण पास द्यायला जागा लागते, आणि ती जागा कुणीतरी पळून निर्माण करावी लागते.

लाल केस आणि अंडरवेअरच्या जाहिराती, हे खरं का?

दोन्ही खरं. त्या काळात तो डोक्यावरचा केसांचा पट्टा लालभडक रंगवायचा आणि प्रेक्षकांनी त्यावर गाणंच रचलं होतं. पुढे केस गेले तरी गाणं राहिलं. कॅल्विन क्लाइनच्या अंडरवेअरच्या जाहिरातींचे त्याचे मोठमोठे फलक लागले आणि फुटबॉल न बघणाऱ्यांनाही तो माहीत झाला. पालक हा प्रश्न थोडं बिचकत विचारतात, म्हणून उत्तर देऊन टाकलं.

२००३-०४ च्या अपराजित संघात त्याचा वाटा किती?

३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य. त्या सीझनमध्ये तो ३० लीग सामने खेळला आणि गोल फक्त ४ केले. आकडे बघणारा म्हणेल की फॉर्म गेला. मी तसं मानत नाही. त्या संघात डावीकडून पिरेस आणि ऑन्री दोघंही आत घुसायचे आणि अॅशली कोलही मागून वर चढायचा. अख्खा संघ डावीकडे कलला की उजवी बाजू सांभाळायला कुणीतरी हवं. फ्रेडी मागे पळत यायचा, फुल बॅकच्या मदतीला जायचा आणि बॉल सुटला की पुन्हा पुढे निघायचा. ती पराभवाविना मालिका पुढे ४९ सामन्यांपर्यंत गेली.

असाच एक प्रसंग २००५ च्या एफए कप फायनलमधला. मँचेस्टर युनायटेडने त्या दिवशी आर्सेनलला नुसतं कोंडून घातलं होतं. व्हान निस्टेलरॉयने हेडर मारला, गोलकीपर चुकला, आणि गोललाइनवर उभ्या असलेल्या फ्रेडीने तो बॉल डोक्याने बाहेर काढला. मॅच ०-० राहिली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये गेली. तिथेही आपली पेनल्टी त्याने बिनचूक मारली आणि कप आर्सेनलला मिळाला. आक्रमक मिडफिल्डर गोललाइनवर काय करत होता, असं मुलं विचारतात. धावत आला होता, एवढंच उत्तर आहे.

मग आर्सेनल सोडलं का?

शरीराने साथ सोडली. कंबरेच्या सांध्याचं आणि घोट्याचं दुखणं वर्षानुवर्षं मागे लागलं होतं. ज्याचा खेळच धावण्यावर उभा त्याला हे सगळ्यात महागात पडतं. २००६ मध्ये पॅरिसला बार्सेलोनाविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये तो खेळला. गोलकीपरला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी आर्सेनलने दीर्घकाळ आघाडी टिकवली आणि शेवटी २-१ ने हरलं. त्यानंतरचं वर्ष दुखापतींतच गेलं आणि जुलै २००७ मध्ये तो वेस्ट हॅमला गेला. आर्सेनलसाठी एकूण ३२८ सामने, ७२ गोल, दोन लीग विजेतेपदं आणि तीन एफए कप.

स्वीडनसाठी तो कसा खेळला?

७५ सामने, १४ गोल. युरो २०००, २००४ आणि २००८, वर्ल्ड कप २००२ आणि २००६, अशा पाच मोठ्या स्पर्धा. क्लबमध्ये त्याला पास देणारे बर्गकँप, व्हिएरा, पिरेस होते. स्वीडनचा संघ शिस्तीचा, दोन ओळींत बांधलेला. तिथे फट शोधत भटकायची मोकळीक कमी होती. त्यामुळे देशासाठीचा फ्रेडी थोडा वेगळा दिसतो, जास्त जबाबदार आणि थोडा कमी मोकळा.

तरी दोन आठवणी पक्क्या आहेत. युरो २००४ मध्ये बल्गेरियाविरुद्ध ५-० च्या विजयाचं खातं त्यानेच उघडलं. आणि १५ जून २००६, बर्लिन, वर्ल्ड कप. पहिल्या मॅचमध्ये त्रिनिदादसारख्या संघाने स्वीडनला गोलशून्य बरोबरीत रोखलेलं. दुसऱ्या मॅचमध्ये पॅराग्वेविरुद्ध ८९व्या मिनिटापर्यंत गोल नाही. मग आल्बॅकने हेडरने बॉल गोलसमोर परतवला आणि बॉक्समध्ये घुसलेल्या फ्रेडीने तो डोक्यानेच आत घातला. संघातला सर्वांत बुटक्या खेळाडूंपैकी एक, आणि विजयी गोल हेडरने.

२००२ च्या वर्ल्ड कपआधी सरावात संघातल्याच ओलोफ मेलबेरीशी त्याची झटापट झाली होती, ते फोटो जगभर छापून आले. मुलं यावर फार प्रश्न विचारतात, पण त्यात सांगण्यासारखं एवढंच आहे की दोघं पुढे कित्येक वर्षं एकत्र खेळले. युरो २००८ मध्ये फ्रेडी कर्णधार होता, आणि त्या स्पर्धेनंतर त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉल थांबवलं. स्वीडनच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा सोनेरी चेंडू त्याने २००२ आणि २००६ असा दोनदा मिळवला.

आर्सेनलनंतर कुठे कुठे खेळला?

वेस्ट हॅममध्ये एक वर्ष, मग अमेरिकेत सिएटल साउंडर्स. मेजर लीग सॉकरमधलं त्या क्लबचं पहिलंच वर्ष होतं, २००९, आणि त्याच वर्षी त्यांनी यूएस ओपन कप जिंकला. पुढे शिकागो फायर, मग काही महिने स्कॉटलंडचा सेल्टिक, मग जपानचा शिमिझु एस-पल्स. २०१२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

तो मुंबईत खेळला होता हे खरं?

हो, आणि आमच्याच नेरूळमध्ये. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी एफसीने त्याला मार्की खेळाडू, म्हणजे संघाचा मुख्य नामांकित चेहरा, म्हणून आणलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, वय ३७. मॅनेजर होते इंग्लंडचे पीटर रीड आणि संघाचं घरचं मैदान डी. वाय. पाटील स्टेडियम. त्याच संघात अनेल्काही होता. १९९८ मध्ये हायबरीवर एकाच मॅचमध्ये गोल केलेली ती दोन पोरं सोळा वर्षांनी मुंबईच्या जर्सीत. आणि त्याच वर्षी पिरेस एफसी गोवाचा मार्की खेळाडू होता. हायबरीची डावी बाजू मडगावात आणि उजवी नेरूळात, हे आम्हाला महिनाभर खरंच वाटत नव्हतं.

काका आणि मी दोन सामन्यांना गेलो. काकांनी फॅशन स्ट्रीटवरून कधीकाळी घेतलेला आठ नंबरचा लाल शर्ट घातला होता, पाठीवरची अक्षरं धुऊन धुऊन निम्मी निघालेली. दोन्ही वेळा फ्रेडी खेळला नाही. दुखापती त्याला इथेही सोडेनात. अख्ख्या सीझनमध्ये तो फक्त चार सामन्यांत मैदानात उतरला, गोल एकही नाही, आणि मुंबई उपांत्य फेरीपर्यंत पोचली नाही.

"फसवणूक झाली, पैसे घेऊन गेला," असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. ऑक्टोबरमधल्या नवी मुंबईच्या दमट हवेत, दोन वर्षांच्या खंडानंतर, दुखऱ्या सांध्यांनिशी, नव्याने सुरू होणाऱ्या लीगमध्ये उतरायला तयार होणं याला हिंमत लागते. परतताना नेरूळ स्टेशनच्या फलाटावर काका म्हणाले, "खेळला नाही तर नाही रे. आपल्या गावात आला ना." शर्ट त्यांनी अजून जपून ठेवलाय.

प्रशिक्षक म्हणून त्याने काय केलं?

आर्सेनलच्या १५ वर्षांखालील संघापासून सुरुवात केली. मध्ये २०१७ मध्ये काही महिने जर्मनीत वोल्फ्सबर्गला सहायक, मग परत आर्सेनलच्या २३ वर्षांखालील संघाकडे, आणि २०१९ मध्ये मुख्य संघात सहायक. बुकायो साका कोवळ्या वयात त्याच्या हाताखाली होता. नाव होण्याच्या कितीतरी आधी फ्रेडीने त्याच्यावर विश्वास टाकला होता.

२९ नोव्हेंबर २०१९ रोजी मॅनेजर उनाय एमेरींना काढलं आणि संघ याच्या हातात हंगामी दिला. सहा सामने: एक विजय, तीन बरोबरी, दोन पराभव. विजय वेस्ट हॅमविरुद्ध, ३-१. त्या दिवशी प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणाऱ्या गॅब्रिएल मार्टिनेलीने गोल केला. तेव्हा संघाचा आत्मविश्वास पार ढासळलेला होता आणि नवा मॅनेजर शोधणं समांतर चालू होतं. तशा स्थितीतल्या सहा सामन्यांवरून त्याच्या प्रशिक्षणाचं मोजमाप करू नये असं मला वाटतं. मिकेल आर्टेटा आल्यावर तो काही महिने सहायक म्हणून राहिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्याने क्लब सोडला.

स्वीडनचा आजवरचा सर्वोत्तम मिडफिल्डर तोच का?

माझा लाडका तोच, पण सर्वोत्तम म्हणाल तर नाही. तो मान मी नील्स लीडहोल्मला देईन. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक, मग बारा वर्षं एसी मिलान आणि चार इटालियन लीग विजेतेपदं. १९५८ मध्ये वर्ल्ड कप फायनलमध्ये ब्राझीलविरुद्ध चौथ्याच मिनिटाला कर्णधार म्हणून गोल केला, तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. वर्ल्ड कप फायनलमध्ये गोल करणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू आहे. पुढे मॅनेजर म्हणून मिलान आणि रोमा दोघांनाही त्याने लीग जिंकून दिली.

आणि माझ्या गटातल्या मुलींनी कॅरोलिन सेगरचं नाव विसरू नये असं बजावलंय. ते योग्यच आहे. स्वीडनसाठी २३० हून अधिक सामने आणि दोन ऑलिंपिक रौप्यपदकं, तीही मधल्या फळीत खेळून.

आज त्याचा खेळ बघायचा तर कुठून सुरुवात करावी?

युव्हेंटसविरुद्धचा तो तिसरा गोल. पहिल्यांदा नेहमीसारखा बघा. मग परत लावा आणि बर्गकँपकडे, बॉलकडे अजिबात बघू नका. फ्रेडीवर नजर ठेवा.

गेल्या पावसाळ्यात मैदानात गुडघाभर चिखल झाला म्हणून आम्ही सगळे पॅव्हेलियनमध्ये बसलो होतो. तेव्हा मी मुलांना मोबाइलवर हा गोल असाच दोनदा दाखवला. पहिल्या वेळी सगळे बर्गकँपसाठी ओरडले. दुसऱ्या वेळी थोडा वेळ सगळे गप्प होते. मग अकरा वर्षांचा एक पोरगा, जो सरावात कायम बॉलच्या मागे गर्दी करतो, पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, पास दिला तेव्हा हा आधीच निघालेला होता." मग त्याने मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि तिसऱ्यांदा लावला.